लूच्या ड्यूकचं कलंडणारं भांडं

१

दोन हजार अठरा साली पाडवा नेमका रविवारी आला आणि सिंगापुरातल्या समस्त मराठी नोकरदारांना हायसं वाटलं. रजा न टाकता सणाचं जेवण मिळणं म्हणजे काय सुख, ते एम्प्लॉयमेंट पासवर राबणाऱ्यालाच विचारावं! वीणा पाया लेबारहून निघून क्लेमेंटीला धाकट्या भावाच्या फ्लॅटवर पोचली, तेव्हा तिच्या हातात पन्ह्याची बाटली होती आणि पोटात सडकून भूक लागली होती.

वीणा सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळायचा, आणि खरं सांगायचं तर पगार नसता तरी तिने हे काम आवडीने केलं असतं. महाराष्ट्र मंडळात कुणाचा डबा बदलला, कुणाचा चष्मा हरवला, की पहिला फोन वीणाताईला जायचा.

लिफ्टमधून बाहेर पडताच कॉरिडॉरच्या टोकाला गुढी दिसली. भावाने, म्हणजे अवधूतने, कपडे वाळत घालायचा बांबू धुऊन-पुसून दाराशेजारच्या खिडकीच्या गजांना बांधला होता. जांभळी जरीकाठी साडी, कडुलिंबाची डहाळी, झेंडूची माळ. साखरेची गाठी दोन्ही बाजूंना व्यवस्थित अडकलेली. आणि सगळ्यांच्या वर पालथा घातलेला कलश असा लखलखत होता, की वीणाने बाटली काखेत मारून मनोभावे हात जोडले.

"अवध्या, यंदा गुढी अगदी देखणी झालीये हं! दरवर्षी ती गाठी घसरून खाली येते, आज कशी जागच्या जागी आहे."

"पहाटेपासून खपतोय ताई," अवधूत दारात येऊन म्हणाला. त्याची छाती चांगलीच फुगली होती. "संजीवनीला म्हटलं, तू फक्त स्वयंपाक बघ. गुढीचं डिपार्टमेंट माझं."

तेवढ्यात आतून कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला. मागोमाग गार्गी धावतच बाहेर आली. ही मुलगी विद्यापीठात प्राचीन चिनी इतिहासावर पीएच.डी. करत होती आणि गेली काही वर्षं अवधूतकडे एक खोली घेऊन राहत होती. तिचे डोळे रडून सुजले होते.

"वीणाताई, बरं झालं तुम्ही आलात! लूच्या ड्यूकचं भांडं चोरीला गेलं!"

२

वीणाने आधी तिला पाणी पाजलं. मग खोलीत नेऊन बसवलं आणि म्हणाली, "रडायचं ते नंतर रड. आधी मला सांग, कोण हा ड्यूक आणि त्याचं भांडं इथे काय करतंय?"

गार्गीने नाक पुसलं. टेबलावर लाकडाची एक छोटी चौकट होती, देवघरात घंटा टांगायला असते तशी. चौकट रिकामी होती.

"लू नावाचं एक राज्य होतं. हुआन तिथला ड्यूक. चाऊ राजांचा मांडलिक म्हणा ना. अडीच हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे. सावत्र भावाचा खून झाला आणि हा गादीवर बसला. पुढे मेव्हण्याच्या राज्यात पाहुणा म्हणून गेला, मेजवानीत त्याला भरपूर दारू पाजली आणि परत जाताना रथातच त्याचा मुडदा पाडला."

"अगं बाई! मेव्हण्याकडे जेवायला जाताना जपूनच राहायला हवं."

"त्याच्या नावाच्या मंदिरात एक भांडं होतं अशी कथा आहे. रिकामं असलं की कलंडायचं. अर्धं भरलं की ताठ उभं राहायचं. काठोकाठ भरलं की पालथं! माणसाने किती भरून घ्यावं, हे शिकवायला ठेवलेलं. लिम सरांकडे त्याची प्रतिकृती आहे." गार्गीने रिकाम्या चौकटीवरून बोट फिरवलं. "उद्या सरांचं निवृत्तीचं व्याख्यान आहे. ते भांडं आजवर त्यांनी कुणाच्या हातात दिलं नव्हतं, ताई. मिसेस लिमनी स्वतः ब्राँझमध्ये ओतलंय ते. त्यांचे वडील सेम्बावांगच्या शिपयार्डात ओतकाम करायचे, त्यांच्याकडे शिकल्या त्या. उद्या भांड्यात पाणी मी ओतून दाखवायचं, असं ठरलंय. शुक्रवारी सरांनी खोकं माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, सांभाळशील ना? मी म्हटलं, हो सर."

"आणि सर?"

"दोघंही आज जेवायला येताहेत. आत्ता तासाभरात! मी काय तोंड दाखवू त्यांना? मॅडम तर सरांच्या व्याख्यानांनाही कधी येत नाहीत, का कोण जाणे. त्या पहिल्यांदाच मला भेटायला येणार, आणि मी त्यांच्या हातचं भांडं हरवून बसलेली!"

वीणाने पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अशी जबाबदारी कुणी विश्वासाने सोपवावी आणि ती दोन दिवसांत हातून निसटावी, याहून वाईट काय असतं? तिने मनात ठरवून टाकलं. भांडं सापडल्याशिवाय ती श्रीखंडाला हात लावणार नव्हती, आणि वीणाच्या बाबतीत हा फार मोठा त्याग होता.

"शेवटचं कुठे होतं?"

"काल संध्याकाळी स्वयंपाकघरात पाणी भरून प्रॅक्टिस केली. मग धुऊन, भांड्यांच्या जाळीत पालथं घातलं निथळायला. आणि तिथेच विसरले. सकाळी पोस्टर आणायला कॅम्पसला गेले, परत येऊन बघते तर जाळी रिकामी!"

फोनमधला फोटो वीणाने नीट पाहिला. साधारण कलशाएवढं भांडं, निमुळतं बूड, दोन्ही बाजूंना बोटभर खुंट्या, आणि अंगभर शेवाळी हिरवा रंग. दाराला रात्रभर कुलूप होतं. म्हणजे जे काही झालं ते घरच्याच माणसांत झालं होतं.

३

पहिली गाठ संजीवनीशी पडली. वहिनीबाई पुऱ्या लाटत होत्या आणि त्यांचा पारा चढलेला होता.

"ताई, मी त्या भांड्याला बोटही लावलं नाही. काल संध्याकाळभर त्या पोरीने ओट्यावर पाणीच पाणी केलं, तेव्हा चिडले होते हे कबूल. म्हणून काय कचऱ्यात टाकीन? इथे माझंच काही जागेवर सापडत नाही! चिंचेचा आख्खा गोळा काल बरणीत होता, आज बरणी धुतल्यासारखी. आमटीत कोकम घालावं लागलं."

वीणाने हात धुवायला नळ सोडला. सिंककडेची नवीकोरी घासणी कडेने हिरवट झालेली होती. तिने ती उचलून वास घेतला आणि परत ठेवली.

अवधूत बर्फ आणायला खाली निघाला होता. त्याला तिने दारातच पकडलं.

"मी पहाटेपासून गुढीत गुंतलेलो, मला काय दिसणार?" तो चप्पल शोधत म्हणाला. "पण ताई, ड्यूकचं भांडं म्हणजे चांगलं घंगाळाएवढं असणार ना? एवढं धूड घेऊन कोण लिफ्टमधून जाईल? कुणीतरी बघितलंच असतं की."

"तू पाहिलं नाहीस ते?"

"कधी पाहणार? ऑफिसात शुक्रवारी सॉफ्टवेअरचं रिलीज, शनिवारी पुन्हा रिलीज. मी घरी येतो तेव्हा ड्यूकही झोपलेला असतो." असं म्हणून तो गेलासुद्धा.

आता उरला देवदत्त. हा गार्गीच्याच विभागातला पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. संपवून संशोधन करणारा. उद्याच्या व्याख्यानात भांडं आपण दाखवावं अशी त्याची फार इच्छा होती, आणि काल संध्याकाळी फोटो काढायला तो इथे येऊनही गेला होता. आजही भल्या सकाळीच आलेला. मोठी सॅक मांडीवर घेऊन तो सोफ्यावर बसला होता आणि एसी असूनही घामाघूम झाला होता.

"देवदत्त, सॅक खाली ठेव की. जड असेल."

"नको ताई! म्हणजे... ठीक आहे अशीच." त्याने सॅक छातीशी घट्ट धरली. आत धातूवर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला.

गार्गीने तो आवाज ऐकला. ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उघड."

४

देवदत्तने आढ्याकडे पाहिलं, एक मोठा उसासा सोडला आणि चेन ओढली. आत स्टीलचं एक रिकामं पातेलं होतं, एक मोठा चमचा होता आणि त्याखाली लिटल इंडियातल्या दुकानातले श्रीखंडाचे रिकामे प्लास्टिक डबे होते.

"मी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केलं होतं," तो मान खाली घालून म्हणाला, "की स्वतःच्या हाताने चक्का बांधून श्रीखंड करणार. बांधला होता हो! पण तो फडक्यासकट खाली पडला. मग हे विकतचं आणून, सकाळी वहिनींच्या पातेल्यात ओतलं. डबे फेकायला संधीच मिळेना. तुम्ही सगळ्या सतत समोर!"

गार्गी इतक्या दुःखातही फस्सकन हसली. वीणा मात्र त्याच्याकडे कौतुकाने पाहत होती. असा साधाभोळा लबाड माणूस अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ड्यूकचं काही चोरणं शक्य नव्हतं.

"तुझं गुपित माझ्यापाशी राहील. पण वरून केशर तरी घाल थोडं," ती म्हणाली.

आता एकच दार उरलं. ते सकाळपासून बंद होतं आणि त्यावर 'नो एन्ट्री' असा कागद चिकटवला होता. आत वीणाची भाची जाई होती, वय वर्षं आठ.

"जाई, आत्या आलीये. दार उघड बघू."

"आत्या, कान्ट लाह! आय अॅम बिझी!" इथल्या सगळ्यांसारखी जाईही वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायची.

"तुझ्याकडे एखादं भांडं आहे का गं? खरं सांग."

मग पलंगाखाली काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि पाण्याचा डुबुक असा आवाज.

"नो," जाई आतून म्हणाली. "ओन्ली स्मॉल वन."

वीणाने हळूच दार लोटलं, गुडघ्यांवर बसून पलंगाखाली हात घातला आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक जड भांडं बाहेर ओढलं.

५

फडकं सुटलं. आत तांब्याचा कलश होता. त्यातून मुगाचे लांबच लांब मोड डोकी वर काढून बघत होते.

"सायन्स प्रोजेक्ट," जाई ओठ काढून म्हणाली. "टीचर सेड डार्क प्लेस. आईने बॉटल दिली ती लीक झाली, सो मी देवाच्या कपाटातून घेतला. आत्या, आईला नको सांगू, प्लीज लाह."

गार्गी मटकन पलंगावर बसली. "हे नाही, ताई. हा तर यांच्या घरचा कलश. दर पाडव्याला हाच गुढीवर असतो." तिची शेवटची आशा संपली होती.

पण वीणा उठलीच नाही. कलश हातात धरून ती तशीच बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं, आणि जाईला कळेना की आत्याला मोड इतके का आवडले.

"काय म्हणालीस गार्गी? पुन्हा म्हण."

"दर पाडव्याला हाच गुढीवर असतो."

"हा तर इथे आहे, मोडांसकट. मग आज बाहेर गुढीवर काय आहे?"

पुढच्या क्षणी सगळं घर कॉरिडॉरमध्ये जमलं. संजीवनी हातात झारा घेऊनच आली. अवधूत बर्फाची पिशवी घेऊन लिफ्टमधून उतरला, तो थेट बहिणीच्या तावडीत सापडला.

"अवध्या, सकाळी कलश कुठून घेतलास?"

"कपाटात नव्हता. जाळीत पालथा दिसला. म्हटलं, संजीवनीने घासायला काढून ठेवलाय. किती कळकला होता, ताई! हिरवागार! इथल्या दमट हवेत तांब्यापितळेचं वाटोळं होतं. आख्खी चिंच लागली, वर मीठ. हात बघ माझे. पण निघाला की नाही लख्ख?"

"आणि त्याला खुंट्या कशा आल्या, असं नाही वाटलं तुला?"

"वाटलं ना! पण मला वाटलं, हा हिच्या माहेरचा असेल. मागच्या महिन्यात तिकडून सामान आलं होतं. माहेरच्या वस्तूबद्दल प्रश्न विचारायचे नसतात, एवढं मी लग्नानंतर लवकरच शिकलो. आणि खुंट्यांना गाठी काय झक्कास अडकली!"

वीणाने एकेक दुवा जोडून दाखवला. चिंच गेली आणि घासणी हिरवी झाली, म्हणजे भांडं कुणी नेलं नव्हतं, घासलं होतं. घासणारा असा माणूस होता ज्याने ड्यूकचं भांडं कधी पाहिलंच नव्हतं, आणि घंगाळाची गोष्ट करून अवधूतने ते स्वतःच सांगून टाकलं होतं. दरवर्षी घसरणारी गाठी आज पहिल्यांदा जागेवर राहिली होती. "आणि आपण सगळ्यांनी येता-जाता त्याला नमस्कार केला," ती म्हणाली. "गार्गी, तू पण केलास ना?"

गार्गीने मान हलवली. भांडं सापडलं म्हणून तिला आधी आनंद झाला, पण तो क्षणभरच टिकला. "हिरवा रंग गेला, ताई. सगळा गेला. सर म्हणतील, सांभाळ म्हटलं आणि तू काय केलंस?"

"मी काढून देतो लगेच," अवधूत कानकोंडा होऊन बांबूकडे वळला.

"खबरदार!" संजीवनीने झारा उगारला. "गुढी संध्याकाळी उतरवतात. भरदुपारी सणाची गुढी खाली घ्यायची नाही माझ्या घरात. ड्यूक येवो नाहीतर सम्राट."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. काठी टेकत एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ बाहेर आले, आणि त्यांच्यामागून लाल छत्री घेतलेली एक ठेंगणी बाई.

६

"हॅपी न्यू इयर!" लिम सर दुरूनच म्हणाले.

मिसेस लिम गुढीपाशी येऊन थांबल्या होत्या. मान वर करून त्यांनी साडी पाहिली, कडुलिंब पाहिला, मग वरचं भांडं. त्यांच्या हातातली छत्री खाली पडली. दोन्ही हात त्यांनी तोंडावर धरले.

"मॅडम, सॉरी," गार्गी रडवेल्या आवाजात पुढे झाली. "चूक माझी आहे. मीच ते जाळीत विसरले. हे तुमचंच भांडं आहे."

"ठाऊक आहे मला," मिसेस लिम म्हणाल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना चक्क हसत होत्या. "माझ्या हातचं मला कळणार नाही होय? कुणी घासलं हे?"

अवधूतने वर्गातल्या ढ मुलासारखा हात वर केला. मिसेस लिमनी तो हात पकडला आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवला.

"शेवटी कुणीतरी घासलं लाह! मी हे ओतलं ना, तेव्हा असंच होतं, सोन्यासारखं. आणि या माणसाने," त्यांनी नवऱ्याकडे बोट रोखलं, "कसलंसं रसायन आणून त्याला हिरवं करून टाकलं! मला न विचारता!"

लिम सर काठीशी चाळा करत उभे होते. एवढा मोठा विद्वान, पण बायकोपुढे अगदी अवधूतसारखा दिसत होता. "लोकांना वाटायचं, गिफ्ट शॉपमधून आणलंय," ते पुटपुटले. "हिरवं दिसलं की जुनं वाटतं."

"जुनं? ड्यूकच्या काळात ते जुनं होतं का?"

"नव्हतं," गार्गी न राहवून बोलली. सगळे तिच्याकडे वळले. "नवीन ब्राँझ सोनेरीच असतं. हिरवेपणा नंतर येतो, मातीत शतकानुशतकं पडून राहिल्यावर. ड्यूकच्या माणसांनी जे पाहिलं असेल ते असंच असेल. लखलखीत."

मिसेस लिमनी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे पाहिलं. "बघ. हेच मी तुला सांगत होते. तो हिरवा रंग बघावा लागू नये म्हणून तुझ्या एकाही व्याख्यानाला आले नाही मी."

"आणि उद्याच्या?" लिम सरांनी विचारलं. आवाज इतका हळू होता की वीणाला तो जेमतेम ऐकू आला.

"उद्या पहिल्या रांगेत बसणार," मिसेस लिम म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. संजीवनीने प्रसंग ओळखला आणि सगळ्यांना पानावर बसवलं. जेवताना मिसेस लिमनी चिंचेची चौकशी केली आणि सांगितलं की त्यांची आईही भांडी अस्समनेच घासायची. अस्सम म्हणजे चिंचच, हे कळल्यावर अवधूत असा काही खुलला की त्यांना पुढच्या पाडव्याचं आमंत्रण देऊन मोकळा झाला. देवदत्तच्या श्रीखंडाचं सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. वीणाने दोन वाट्या खाल्ल्या आणि चकार शब्द काढला नाही.

ऊन उतरल्यावर गुढी उतरवली. गाठीतला पहिला तुकडा जाईला मिळाला. मोडांचा कलश आईला सापडला होता, पण सणाच्या दिवशी संजीवनीने फक्त डोळे वटारले. भांडं चौकटीत अडकवलं तसं ते लगेच कलंडलं. वीणाने पन्ह्याची बाटली आणली, आणि गार्गीने धार धरली. भांडं डुललं, हळूहळू सावरलं आणि मध्यावर येऊन ताठ उभं राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मोअर! मोअर!" जाई ओरडली आणि कुणी थांबवायच्या आत तिने अख्खी बाटली रिती केली. ड्यूकचं भांडं गर्रकन फिरलं, आणि सगळं पन्हं लिम सरांच्या पायांवर सांडलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

निघताना भांडं पुसून खोक्यात ठेवलं होतं. गार्गीने ते सरांपुढे धरलं, पण त्यांनी ते घेतलं नाही. तिच्याच हातांकडे सरकवून त्यांनी विचारलं, "उद्यापर्यंत सांभाळशील ना?"

गार्गीने तोंड उघडायच्या आत मागून वीणा, संजीवनी, देवदत्त, जाई आणि सगळ्यात मोठ्याने अवधूत, असे सगळे एकदमच "हो" म्हणाले.